नवा सेल्फ बसवला तरी गाडी उचलेना: सांगलीतल्या एका अँबॅसॅडरचं प्रकरण

डिसेंबरातल्या एका सकाळी शंभर फुटी रोडवरच्या माझ्या दुकानासमोर एक पांढरी अँबॅसॅडर आली, चौघांनी ढकलत. स्टिअरिंगवर तात्या बसलेले. हळदीचे जुने व्यापारी, वय पंच्याहत्तरच्या पुढं. मागून चालत आलेला पुतण्या घामाघूम होता. उतरल्या उतरल्या तात्या म्हणाले, "मिस्त्री, दोनदा सेल्फचं काम झालं. आता तिसरा आणू का गाडी भंगारात घालू, ते सांगा."

घरात लग्न होतं, सहा दिवसांवर. नवरदेव याच गाडीतून जाणार असं तात्यांनी नातवाला तो पाचवीत असताना कबूल केलं होतं म्हणे.

या गाडीत सेल्फ (किल्ली फिरवल्यावर इंजिन फिरवून चालू करणारी मोटार) बसवण्याचं काम तसं दीड तासाचं. माझे चार दिवस गेले, आणि त्यातला बराचसा वेळ आधीच्या लोकांनी केलेलं निस्तरण्यात गेला. जुन्या गाडीवाल्यांना उपयोग होईल म्हणून हे सविस्तर लिहितोय.

गाडी मार्क टू, 1972 ची. इंजिन 1489 सीसी पेट्रोल, मूळच्या मॉरिस ऑक्सफर्डचं. हिंदुस्थान मोटर्सनं उत्तरपाड्याच्या कारखान्यात 2014 पर्यंत अँबॅसॅडर काढली, पण शेवटच्या गाड्यांचं आणि या गाडीचं साम्य बाहेरच्या पत्र्यापुरतंच. सुटे भाग घेताना 'अँबॅसॅडरचा सेल्फ द्या' एवढं सांगून भागत नाही, हे पुढं कळेलच.

आता हिची मागची हकिकत. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हा ही गाडी गावभागातल्या वाड्याच्या चौकात उभी होती. पाणी टपापर्यंत. ओसरल्यावर आतून घमेल्यानं गाळ काढला. मग इंजिन उतरवलं, पत्रा खरवडला, नवा रंग, नवं वायरिंग. मध्येच लॉकडाऊन आला, त्यामुळं गाडी रस्त्यावर यायला दोन वर्षं लागली. रंगकाम मात्र अप्रतिम. बॉनेट उघडलं तर आतला पत्राही आरशासारखा. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

रंग होऊन आल्यापासूनच सेल्फची कुरकुर सुरू झाली. सकाळी थंड असताना 'घर्र... घर्र' करत कशीबशी उचलायची, आणि तापल्यावर नुसतं 'टक'. एका ठिकाणी जुना सेल्फ उघडून कार्बन बदलले, बुश बदलले, फील्ड (आतल्या तारेच्या स्थिर गुंडाळ्या) नवं गुंडाळलं. फरक शून्य. मग पुतण्यानं ऑनलाइन नवा गिअरवाला सेल्फ मागवला आणि दुसऱ्या गॅरेजनं तो बसवला. महिनाभर गाडी झकास. नंतर चालू होताना किंचाळायला लागली, आणि आता पुन्हा 'टक'.

मीटर लावल्यावर

माझ्या हाताखालचा पोरगा आयटीआय करून आलेला, हुशार आहे, पण हातात पाना आला की त्याला काहीतरी खोलावंसं वाटतं. तो गाडीखाली निघालाच होता. त्याला थांबवलं. सेल्फ उतरवला की पुरावा उतरला. गाडीवर असतानाच तो काय सांगतोय ते ऐकावं.

बॅटरी नवी, उभ्या गाडीत 12.6 व्होल्ट. पुतण्याला किल्ली फिरवायला सांगितलं आणि बॅटरीवरच मीटर धरलं. इंजिन जेमतेम एक वळसा घेऊन अडखळलं, पण मीटर 11.2 दाखवत होतं. हा आकडा महत्त्वाचा आहे. सेल्फ आतून जाम झाला असता, किंवा आर्मेचर (आतला फिरणारा भाग) फील्डला घासत असतं, तर त्यानं बॅटरीतून भरमसाट करंट ओढला असता आणि व्होल्टेज नऊ-साडेनऊच्या खाली कोसळलं असतं. इथं बॅटरी आरामात होती. याचा अर्थ तिच्याकडं मागणीच पोचत नव्हती, वाटेत कुठंतरी अडत होतं. क्लॅम्प मीटर लावलं तर 130 अँपिअर.

मग वाटेचे दोन भाग केले. बॅटरीच्या प्लसपासून सेल्फच्या खिळ्यापर्यंत (जिथं केबल आवळतात तो बोल्ट) किल्ली फिरवताना 0.6 व्होल्ट गळती. जरा जास्त, पण जीवघेणी नाही. दुसरा भाग परतीचा: मीटरची एक टोचणी बॅटरीच्या मायनस पोस्टवर (क्लॅम्पवर नव्हे, थेट शिशावर), दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर. किल्ली फिरवली. 3.4 व्होल्ट.

इथं 0.2 च्या वर काही दिसलं तर मी भुवई उंचावतो. साडेतीन म्हणजे सेल्फच्या ताटातलं पाव जेवण वाटेतच कोणीतरी खात होतं. 11.2 मधून हे दोन्ही वजा केले तर सेल्फला मिळत होते फक्त 7.2.

मी तात्यांना विचारलं, "गाडीत दुसरं काही वेगळं जाणवतं का? वास, धूर?"

"तसं काय न्हाई. पण सकाळी चोक वडला की हाताला चटका बसतोय. इंजनाची गरमी आसंल म्हनून सोडून दिलं."

सकाळी, गार इंजिनाची गरमी! मी चोकच्या केबलवर बोट ठेवलं आणि पोराला पुन्हा किल्ली मारायला लावली. तीन सेकंदांत बोट काढावं लागलं.

ज्यांना हे नवीन असेल त्यांच्यासाठी सांगतो. इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर बसतात, त्यामुळं विजेच्या दृष्टीनं ते बॉडीपासून तुटलेले असतात. या गाडीत बॅटरीची मायनस केबल बॉडीला जाते. सेल्फमधून गेलेला करंट इंजिनच्या अंगातून बॉडीला परत येण्यासाठी एक विणलेली तांब्याची पट्टी असते, गिअरबॉक्सपासून चासीपर्यंत. ती पट्टी नीट नसेल तर करंट थांबत नाही, दुसरा रस्ता शोधतो. चोकची केबल, ॲक्सिलेटरची तार, स्पीडोमीटरची केबल, जे काही लोखंडी इंजिनपासून बॉडीपर्यंत जातं त्यातून तो जातो. 130 अँपिअर आणि 3.4 व्होल्ट म्हणजे साडेचारशे वॅटच्या आसपास उष्णता. त्यातला मोठा वाटा तात्यांच्या बोटांना मिळत होता.

खात्री करायला जंपर केबल घेतली, एक चिमटा बॅटरीच्या मायनसला, दुसरा थेट इंजिनच्या उचलायच्या कडीला. किल्ली फिरवताच इंजिन भरभर फिरलं आणि चालूही झालं. सोबत ती किंकाळी आली, 'क्रीईईच', आणि मगच थांबली. पुतण्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. सेल्फच्या किमतीत अशा शंभरएक पट्ट्या आल्या असत्या.

पट्टी गाडीत होती. रंगारी आणि फिटर दोघांनी आपापलं काम चोख केलं होतं, तेच नडलं. चासीवर प्रायमर, दोन हात रंग, त्यावर चकचकीत लॅकर, आणि त्यावर पट्टी बोल्टनं आवळलेली. बोल्टच्या आट्यांतून जो काही थोडा स्पर्श होता तेवढाच.

मग गिअरवाला सेल्फ महिनाभर कसा चालला? हा प्रश्न पोरानंच विचारला आणि चांगला विचारला. जुना सेल्फ थेट फिरवतो, त्याला या इंजिनासाठी दोनशेच्या आसपास अँपिअर लागतात. गिअरवाल्यात छोटी मोटार जोरात फिरते आणि आतले गिअर ताकद वाढवतात, त्यामुळं त्याला बरेच कमी पुरतात. करंट कमी, म्हणून त्याच खराब पट्टीवर गळती कमी. त्या सेल्फनं दोष झाकला. नंतर बोल्टखाली गंज धरला, चोकची केबल जळून आतून काळी पडली, तशी गळती वाढत गेली.

किंकाळीचं कारण

पट्टी दुरुस्त करून गाडी देता आली असती. पण ती किंचाळी मला झोपू देणारी नव्हती, म्हणून आता सेल्फ उतरवायला घेतला.

मूळ गाडीत सोलेनॉइड, म्हणजे सेल्फचा मोठा करंट जोडणारा विजेचा स्विच, सेल्फवर नसतं, आत पत्र्यावर वेगळं बसवलेलं असतं. तिथून एकच जाड केबल सेल्फला जाते. किल्ली फिरवली की सोलेनॉइड जोडतं, सेल्फ फिरतो, आणि पिनियन (सेल्फचं छोटं दातेरी चाक) स्वतःच्या जडत्वानं मळसूत्री दांड्यावरून सरकून फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनच्या जड चाकाच्या, दातेरी रिंगेत अडकतं. नव्या सेल्फला स्वतःचं सोलेनॉइड डोक्यावर असतं. ते आधी पिनियन ढकलतं, मग मोटारीला करंट देतं. म्हणजे नव्याला दोन वायरी लागतात, कायम चालू असलेली जाड आणि किल्लीची बारीक. बसवणाऱ्यानं नवी वायर ओढायचा कंटाळा केला. जुनी जाड केबल नव्या सेल्फच्या मोठ्या खिळ्याला लावली आणि तिथूनच वीतभर वायरचा तुकडा छोट्या खिळ्याला जोडून दिला.

चालतं ते. पण किल्ली सोडल्यावर गंमत होते. या नव्या मोटारीत फील्डच्या गुंडाळ्या नसतात, कायमचे चुंबक असतात. किल्ली सोडली तरी मोटार गरगरत असते, आणि चुंबकात फिरणारी मोटार म्हणजे डायनॅमोच. ती जो करंट तयार करते तो त्या वीतभर वायरीतून तिच्याच सोलेनॉइडला मिळतो. सोलेनॉइडला वाटतं किल्ली अजून दाबलेलीच आहे. इंजिन चालू झालंय, तरी पिनियन रिंगेतच. मोटार दमून मंदावली की मगच सुटतं. ती किंकाळी तीच.

ज्यांना गिअरवाला सेल्फच ठेवायचा असेल त्यांनी बॅटरीची जाड केबल थेट त्याच्या मोठ्या खिळ्याला न्यावी, आणि जुन्या सोलेनॉइडच्या बाहेरच्या टोकापासून वेगळी वायर छोट्या खिळ्याला द्यावी. जुनं सोलेनॉइड मग नुसतं रिलेचं काम करतं. किल्लीवरून थेट वायर देऊ नये. नव्या सोलेनॉइडची गुंडाळी पहिल्या झटक्याला बराच करंट ओढते, आणि पन्नास वर्षांची किल्ली त्यासाठी बनलेली नाही. आणखी एक. पॉझिटिव्ह अर्थ (अर्थिंग, म्हणजे बॅटरीचं प्लस बॉडीला जोडलेलं) असलेल्या जुन्या गाडीत चुंबकवाला सेल्फ उलटा फिरतो. जुना गुंडाळीवाला दोन्हीकडून एकाच दिशेनं फिरतो, कारण त्यात आर्मेचर आणि फील्ड दोन्ही एकदमच उलटतात. ही गाडी निगेटिव्ह अर्थ होती, म्हणून तेवढं निभावलं.

सेल्फला दोनच बोल्ट. खालचा सोपा. वरचा डिस्ट्रिब्युटरच्या खाली, हाताला लागतो, डोळ्याला दिसत नाही. आधीच्या कोणीतरी त्याला मेट्रिक पाना लावला होता. हा बोल्ट 9/16 इंचाचा, म्हणजे 14.29 मिलिमीटर. चौदाचा पाना चढत नाही, पंधराचा ढिला बसतो आणि कोपरे खातो. कोपरे खाल्ले होतेच. इंची सॉकेट हातोडीनं ठोकून बसवलं, लांब एक्स्टेन्शन लावलं, आणि तात्यांच्या देखत तोंडातून येऊ नयेत असे दोन शब्द आले. तात्या म्हणाले, "चालू द्या, आमच्या अडतीत याच्यापेक्षा चांगलं ऐकतो."

सेल्फ बाहेर आला. पिनियनच्या दातांची टोकं चघळलेली. सेल्फच्या भोकातून टॉर्च टाकून पोराला हँडलनं इंजिन हळूहळू फिरवायला सांगितलं. (हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीत वळवायचा नाही. झटका उलटा आला तर हात सुटून जाऊ दे, मनगट तरी वाचतं.) रिंगेवर दोन जागी दात खराब, एकमेकांच्या बरोबर समोर. ते अपेक्षित होतं. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना कॉम्प्रेशनला अडून साधारण दोनच जागांवर थांबतं, म्हणून सेल्फ आयुष्यभर त्याच दोन जागी डोकं आपटतो.

पण खराबी दातांच्या इंजिनकडच्या बाजूला होती, ते विचित्र. नीट बघितल्यावर लक्षात आलं. या गाडीत जुन्या सेल्फचं पिनियन गिअरबॉक्सच्या बाजूनं मोटारीकडं सरकत रिंगेत येतं, म्हणून दातांना त्या बाजूनं उतार काढलेला आहे. नव्याचं पिनियन मोटारीकडून बाहेर जातं, म्हणजे उतार नसलेल्या बोथट बाजूवर आदळतं. विकणाऱ्यानं अँबॅसॅडरचाच सेल्फ दिला होता, खोटं काहीच नव्हतं. फक्त या अँबॅसॅडरचा नव्हता.

जुनाच परत

मी विचारलं, "जुना सेल्फ कुठाय?" तात्या म्हणाले, "गोडावनात आसंल." मार्केट यार्डातल्या गोदामातून पुतण्या तो घेऊन आला, हळदीच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळलेला. सात-आठ किलोचं धूड, वरून पिवळं झालेलं.

उघडला. फील्ड चांगलं गुंडाळलं होतं, त्या माणसाला मानलं पाहिजे. पण दोन गोष्टी चुकल्या होत्या. कम्युटेटरच्या (आर्मेचरच्या टोकाचा, कार्बन ज्यावर घासतात तो भाग) तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक त्यानं करवतीनं खाली घेतला होता, डायनॅमोला घेतात तसा. या लुकास पद्धतीच्या सेल्फमध्ये तो घ्यायचा नसतो. इथं कार्बनमध्ये तांब्याचं प्रमाण जास्त असतं, त्याची भुकटी त्या खाचांत बसून पट्ट्या आपसात जोडते. लेथवर नेऊन कम्युटेटर हलकासा सोलला, जेवढ्यात अभ्रक आणि तांबं एका पातळीला आलं. व्यास पुरेसा शिल्लक होता. नसता तर आर्मेचरच बदलावं लागलं असतं.

दुसरी चूक बहुतेकजण करतात. पिनियनच्या मळसूत्राला भरपूर ग्रीस. बघायला छान वाटतं. पण क्लचची धूळ त्याला चिकटते, थंडीत ते घट्ट होतं, आणि पिनियन जागचं हलत नाही. मोटार सुईंग करून फिरते, इंजिन ढिम्म. याच्या ग्रीसखाली तर पुराचा करडा गाळ होता. म्हणजे फील्ड नवं करणाऱ्यानं बेंडिक्स (पिनियन आणि मळसूत्राचा हा जोड) धुतलंच नव्हतं, गाळावरच ग्रीस थापलं. रॉकेलमध्ये धुतलं, ब्रशनं आटे साफ केले, कोरडं केलं, आणि कोरडंच ठेवलं. बोटानं फिरवून सोडलं की पिनियन स्प्रिंगनं परत जागेवर यायला हवं. आलं.

बुश मात्र मी पुन्हा बदलले. सच्छिद्र ब्राँझचे बुश बसवण्याआधी दिवसभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवावे लागतात. आधीचे तसेच कोरडे ठोकलेले दिसत होते. यात एक दिवस गेला, पुतण्या घड्याळ बघत होता.

रिंगेचं काय करायचं यावर आमचं जमेना. शहाणपणाचं काम म्हणजे गिअरबॉक्स उतरवून रिंग तापवून काढणं आणि नवी बसवणं. पोराचंही तेच मत. पण लग्नाला तीन दिवस उरले होते, आणि नवी रिंग मिळेल ती नेमकी याच दातांची असेल याची हमी कोण देणार? जुन्या पिनियनचं येणं चांगल्या बाजूनं होतं, ती बाजू साबूत होती. म्हणून सेल्फच्या भोकातून बारीक कानस घालून, हँडलनं एकेक दात पुढं सरकवत, उठलेल्या कडा तेवढ्या मारल्या. तीन तास. बरोबर केलं की नाही, अजूनही सांगता येत नाही. तात्यांना स्पष्ट सांगितलं की पावसाळ्याआधी गिअरबॉक्स उतरवायचाच.

बसवताना पोराला एवढंच सांगितलं: आधी मायनस केबल काढ, आणि रंग खरवड. सेल्फचा स्वतःचा अर्थ त्याच्या तोंडाच्या फ्लँजमधूनच जातो, आणि इंजिनच्या मागच्या प्लेटलाही रंगाऱ्यानं सोडलं नव्हतं. तिथं पत्रा चांदीसारखा दिसेपर्यंत पॉलिश पेपर मारला. चासीवर पट्टीच्या जागेचंही तेच, खाली दातेरी वॉशर, आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीन. आधी व्हॅसलीन लावून मग आवळणारे लोक मी पाहिलेत. पट्टी नवी घेतली, केबलही 35 चौरस मिलिमीटरची. सोलेनॉइडवरची टोकं साफ केली. वायरिंग मूळ होतं तसं परत आणलं, तो वीतभर तुकडा काढून टाकला. चोकची केबल जळून आखडली होती, तीही बदलली.

पुन्हा तेच मीटर. किल्ली फिरवताना 190 अँपिअर, बॅटरीवर 10.4, प्लसच्या बाजूला 0.35, परतीच्या बाजूला 0.12. करंट वाढला आणि गळती घटली. सेल्फला जवळपास दहा व्होल्ट. आवाज तो जुना, आधी 'टंग', मग 'घुर्रघुर्र'. तात्या एकदम म्हणाले, "ह्योच. ह्योच आवाज हुता."

खरी परीक्षा तापलेल्या इंजिनाची. मिरजेपर्यंत जाऊन आलो, मिशन हॉस्पिटलच्या पुढं चहा घेतला, दहा मिनिटं थांबलो, म्हणजे उष्णता वर चढून सेल्फला लागेल. एका किल्लीत उचलली. तिथंच पाच वेळा बंद-चालू केली. चोकचं बटण गार.

लग्नाच्या आदल्या रात्री साडेनऊला पुतण्याचा फोन आला. गाडी सजवून झाली होती. "काका, सेल्फ एक नंबर घेतोय. पण डावं इंडिकेटर लावलं की पुढचा पार्किंगचा दिवापण लुकलुकतोय, आणि इंडिकेटर मंद दिसतंय. बल्ब बदलला, तरी तसंच. अख्खी लाइटच बदलायची का?"

"दिव्याच्या स्क्रूखाली रंग आहे का बघ."

थोडा वेळ फोनवर नुसती सनई ऐकू येत होती. मग म्हणाला, "हाय. चकचकीत हाय."

मी पॉलिश पेपरचा तुकडा खिशात घातला आणि गाडीला किक मारली.